चातुर्मासातील वर्ज्यावर्ज्य : व्रत आणि फर्मान

आषाढ शुद्ध नवमीला महाराष्ट्रातील अनेक घरांत कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ आणि भरली वांगी असा बेत ठरलेला असतो. त्या तिथीला कांदेनवमी असेच नाव पडले आहे. दोनच दिवसांनी देवशयनी एकादशी येते, चातुर्मास लागतो आणि कांदा, लसूण व वांगे या तिन्ही जिनसा ताटातून उठतात. आषाढी अमावस्येला सामिष भोजनाचा शेवटचा बेत होतो; पंचांगाप्रमाणे ती दीपपूजेची अमावस्या, पण लोकांनी तिचे नाव गटारी करून टाकले आहे. मग श्रावणातील सोमवार आणि शनिवार, हरतालिका, ऋषिपंचमी, नवरात्र अशी रांगच लागते. वर्षाचा तिसरा हिस्सा कोट्यवधी माणसे आपण होऊन काही ना काही खाणे सोडतात. जिभेवर एवढा अंमल कोणत्याही सरकारला कायद्याने बसवता आलेला नाही.

परिवर्तनवादी कार्यकर्त्यांनी या वस्तुस्थितीकडे आजवर दोन तऱ्हांनी पाहिले. काहींनी तिची थट्टा केली. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण ऐकवली की विषय संपला, अशी त्यांची समजूत. इतरांनी, लोकांच्या श्रद्धेला धक्का नको, म्हणून मौन पाळले. या दोहोंच्या मधली जागा मोकळी राहिली आणि ती वेगळ्याच मंडळींनी बळकावली. आज सण आला की काय खावे याची चर्चा स्वयंपाकघरात न होता महापालिकेच्या सभागृहात आणि पोलीस ठाण्यात होते. म्हणून हे पदार्थ वर्ज्य का मानले गेले, याचा शांतपणे विचार करणे ही केवळ अभ्यासकांची हौस राहिलेली नाही.

शास्त्र काय सांगते?

पहिले उत्तर साहजिकच शास्त्राचे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, गाजरासारखे एक कंद, कांदा आणि अळंबी ही अभक्ष्य ठरवली आहेत. परंतु हा निषेध नेमका कोणासाठी आहे, हे पाहिले पाहिजे. श्लोक स्पष्टपणे द्विजांचे नाव घेतो. शूद्राने कांदा खाल्ला तर काय, याची स्मृतिकाराला चिंता नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेला चिनी प्रवासी फाहियान याने मध्यदेशातील लोक कांदा-लसूण खात नाहीत असे नोंदवून ठेवले आणि चांडाळांचा अपवाद सांगितला. कांदा-लसूण हे दीड हजार वर्षांपूर्वीच माणसाची पायरी ओळखण्याचे साधन झाले होते, एवढे यावरून निश्चित होते.

वैद्यकाचा सूर मात्र निराळा आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त लसणाचे गुण तपशिलाने वर्णिले आहेत, राहूच्या गळ्यातून सांडलेल्या थेंबांपासून तो उपजला, म्हणून द्विज तो खात नाहीत, एवढी कथा सांगून ग्रंथकार पुढे जातो. १८९० साली कूचा येथे सापडलेल्या ‘बॉवर हस्तलिखिता’त तर एक तोडगाच दिला आहे : गाईला काही दिवस गवत तोडून लसणाची पात खाऊ घालावी आणि तिचे दूध ब्राह्मणाने घ्यावे. औषध हवे, पण पायरी सुटता कामा नये. लसूण शरीराला वाईट म्हणून वर्ज्य झाला, हे स्पष्टीकरण आपल्याच वैद्यकाच्या ग्रंथांपुढे टिकत नाही.

सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचा दाखला नेहमी गीतेतून दिला जातो. सतराव्या अध्यायातील ते श्लोक ज्यांनी वाचले असतील त्यांना ठाऊक आहे, की तेथे कांद्याचे, लसणाचे किंवा मांसाचे नावसुद्धा नाही. तेथे रस आणि गुण सांगितले आहेत : अतिशय तिखट, खारट, आंबट, शिळे, उष्टे. तो निकष काटेकोरपणे लावला तर लोणचे आणि मिरचीचा ठेचा आधी बाहेर जातील.

खुद्द चातुर्मासासाठी परंपरेने जी यादी सांगितली आहे ती आणखीच वेगळी आहे. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्य सोडावे, असा तो क्रम. ही यादी आज किती घरांत पाळली जाते? कार्तिकात द्विदल वर्ज्य मानले तर भाऊबिजेच्या ताटातील बेसनाचा लाडू व्रतभंग ठरेल. कांद्याचे नाव मात्र या क्रमात नाही, आणि त्याचे कारण तर्काने लावता येते. ज्यांच्यासाठी ही व्रते लिहिली गेली त्यांना कांदा बारमाही वर्ज्यच होता. पुढे त्यांच्याही घरांत कांदा शिरला, आणि बारा महिन्यांचा नियम चार महिन्यांवर आला असावा. आज जे कडक व्रत वाटते ते बहुधा एका जुन्या तडजोडीचे अवशेष आहे.

व्रतांची संख्या कशी वाढत गेली याचाही इतिहास आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या ग्रंथाच्या व्रतखंडात शेकडो व्रते एकत्र केली. जवळजवळ प्रत्येक तिथीला काही ना काही व्रत, आणि व्रताच्या शेवटी उद्यापन, दान आणि भोजन. त्याच काळात याच भूमीत महानुभावांनी नाना दैवतांची व्रतवैकल्ये नाकारली, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात जन्मापासून मरणापर्यंत आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत सणावारांच्या निमित्ताने कुणब्याची गाठ कशी सुटत जाते, याचा हिशेब मांडला आहे. तो हिशेब अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावा असा आहे.

ऋतू आणि कोठार

दुसरे उत्तर ऋतुमानाचे. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, भाज्यांना कीड लागते, पाणी दूषित असते. म्हणून पूर्वजांनी धर्माच्या नावाने आरोग्याचा नियम घालून दिला, असे सांगण्याची आता पद्धतच पडली आहे. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे आणि बहुतेक वेळा उलट्या बाजूने सांगितले जाते.

आषाढ ते भाद्रपद हा शेतकऱ्याच्या वर्षातील सर्वांत ओढीचा काळ. पेरणीला बियाणे गेलेले, पेवातील धान्य तळाला लागलेले, नवे पीक दसऱ्याशिवाय हाती यायचे नाही. याच महिन्यांत सावकाराकडून वाढीदिढीने धान्य उचलले जाई. उन्हाळी कांद्याची साठवण पावसाच्या दमट हवेत सडू लागते आणि नवा खरीप कांदा दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो. जे मिळत नाही किंवा महाग मिळते ते न खाण्याचे व्रत घेण्यात समाजाने एक प्रकारचे शहाणपण दाखवले, असे म्हणता येईल. तुटवड्याला पुण्याचे रूप दिले की तो सोसणे सुसह्य होते.

या दृष्टीने पाहिले तर काही निषेध उत्पादकांनी स्वतःच स्वतःवर घातलेले दिसतात, आणि ते खरोखर अर्थपूर्ण आहेत. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवला जातो आणि त्यानंतरच अनेक घरांत वांगे खाण्यास सुरुवात होते. जे वर्ज्य होते तेच देवापुढे ठेवून वर्ज्य संपते. अक्षय तृतीयेला देवाला आणि पितरांना आंबा दाखवल्याशिवाय तो न खाण्याची रीत तीच. बंगालमधील विद्यार्थी सरस्वतीपूजेआधी बोरे खात नाहीत, तीही त्याच जातीची. फळ पिकू द्यावे, पहिला वाटा गावाच्या दैवताचा मानावा, कोणी अधाशीपणाने कच्चे तोडू नये, अशी ही सामुदायिक शिस्त आहे.

तिचे सर्वांत ठळक उदाहरण कोळ्यांचे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही, हा दंडक खवळलेल्या दर्यापासून माणसाला वाचवी आणि विणीच्या हंगामात माशालाही. आज शासन हेच काम १ जून ते ३१ जुलै अशा मासेमारीबंदीने करते. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. कोळी जेव्हा होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो तेव्हा त्याची रोजी बुडते. शहरातील मत्स्याहारी गृहस्थ श्रावणात मासळी सोडतो तेव्हा त्याच्या पदराला खार लागत नाही. उलट चार पैसे शिल्लक पडतात. संयम एकच, त्याची किंमत मात्र दोघांना वेगवेगळी मोजावी लागते.

उपवासाचे पदार्थ आले कोठून?

वर्ज्य काय याइतकेच, व्रतात चालते काय, हेही बोलके आहे. ‘फराळ’ हा शब्दच मुळी फलाहारावरून आला. नांगराने न पिकवलेले, आपोआप उगवलेले अन्न मुनींचे, ही मूळ कल्पना. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, परसातील हाताने लावलेली भाजी खायची, या रीतीत तिची खूण शिल्लक आहे. तळ्यातील शिंगाडा आणि डोंगरउतारावरील वरी यांना उपवासात मान मिळाला तो बहुधा याच कल्पनेमुळे.

आता महाराष्ट्रातील एकादशीच्या ताटाकडे पाहावे. साबूदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे, राजगिरा, हिरवी मिरची आणि सोबत पपई. यांतील बटाटा, भुईमूग, रताळे, मिरची आणि पपई ही मूळची अमेरिका खंडातील. राजगिऱ्याच्या ज्या जातींचे दाणे खाल्ले जातात त्याही तिकडच्याच. साबूदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या वाटेने तो मलबारला आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी गरिबांच्या पोटाला आधार म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. आधी साबूदाणा मलायाकडून येत असे. दुसऱ्या महायुद्धात ती आयात तुटली आणि तामिळनाडूतील सेलम भागात टॅपिओकापासून साबूदाणा करण्याचा धंदा उभा राहिला. महाराष्ट्रातील एकादशी आज सेलमच्या कारखानदारीवर आणि तेथील मजुरांच्या हातांवर चालते. उत्तर हिंदुस्थानातील व्रतस्थांना जे सैंधव मीठ शुद्ध वाटते, ते पिढ्यान्पिढ्या प्रामुख्याने आजच्या पाकिस्तानातील खेवड्याच्या खाणींतून आले.

मनू किंवा हेमाद्री यांना यांतील बटाटा आणि मिरची ठाऊक असणे शक्यच नव्हते. जे ठाऊक नव्हते त्याचा निषेधही केलेला नव्हता. म्हणून ते ‘चालते’ झाले. हाच बटाटा जगन्नाथपुरीच्या महाप्रसादात परका म्हणून आजही निषिद्ध आहे. आणि मुंबईच्या एकाच चाळीत चातुर्मास पाळणारे जैन कुटुंब कंदमुळे वर्ज्य म्हणून बटाटा सोडते, तर शेजारचे हिंदू कुटुंब एकादशीला बटाट्यावरच दिवस काढते. दोघांचीही श्रद्धा प्रामाणिक आहे. यातून निष्कर्ष एकच निघतो : पदार्थाच्या अंगी पावित्र्य नसते, ते समाज त्याला देतो, आणि देताना गरज, सवय व बाजार या तिघांचेही ऐकतो.

प्रांतोप्रांती हे निवाडे किती बदलतात ते पाहण्यासारखे आहे. बंगालमध्ये काही ठिकाणी देवीच्या प्रसादाचे मटण कांदा-लसूण न घालता शिजवतात आणि त्याला ‘निरामिष’ म्हणतात. काश्मिरी पंडितांच्या शिवरात्रीला अनेक घरांत मांस आणि मासळी शिजते. तुळजापूरला नवरात्रात अजाबळीचा विधी असतो. कोकणात गौरीला तिखटाचा, मटणाचा किंवा चिंबोऱ्यांचा नैवेद्य दाखवणारी घराणी आहेत. गोव्यात सोमवारी शिवराक जेवणारे कुटुंब मंगळवारी मासळीच्या हुमणाची वाट पाहते. ओडिशात कार्तिक महिना सामिष सोडतात आणि पौर्णिमा उलटताच ‘छाडखाई’ साजरी करतात; ती आपल्या गटारीची शेवटाकडची बहीण. हे सर्व हिंदूच आहेत. ‘हिंदू सणात अमुक खात नाहीत’ असे जेव्हा कोणी ठणकावून सांगतो, तेव्हा तो या सर्वांच्या वतीने बोलत नसतो.

प्रतिष्ठेची उतरंड

मग एकाच विशिष्ट रीतीला ‘हिंदू रीत’ ही मान्यता कशी मिळाली? येथे तिसरे उत्तर येते, आणि ते समाजरचनेचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले, की एके काळी गोमांस खाणाऱ्या ब्राह्मणवर्गाने बौद्ध धर्माशी चाललेल्या स्पर्धेत आपले श्रेष्ठत्व परत मिळवण्यासाठी मांसत्याग केला. म्हैसूरचे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कूर्ग प्रदेशाच्या १९५२ सालच्या अभ्यासात दाखवले, की वरची पायरी चढू पाहणाऱ्या जाती मांस आणि दारू सोडून वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात. त्याला त्यांनी संस्कृतीकरण म्हटले. दोन्ही विवेचनांचा रोख एकाच दिशेला आहे : काय खात नाही, यावर माणसाची किंमत ठरवणारी ही व्यवस्था आहे.

आकडे काय सांगतात? २०१४ सालच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशातील पंधरा वर्षांवरील सुमारे ७१ टक्के लोक मांसाहारी आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ६० टक्के आहे. म्हणजे या देशाचे सामान्य जेवण शाकाहारी आहे, ही समजूत एका अल्पसंख्य वर्गाची सवय सर्वांवर लादून तयार झाली आहे. श्रावण पाळणारा खाटीक, कोळी, आगरी किंवा कुणबी आपल्या देवासाठी महिनाभर थांबतो. पण आपले रोजचे अन्न पापाचे आहे असे तो मानत नाही. त्याला तसे मानायला लावणे, हा या प्रश्नाचा खरा गाभा आहे.

हातावर पोट असणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. ‘एकादशीच्या घरी शिवरात्र’ ही म्हण ज्यांनी रचली त्यांना उपवास पंचांग पाहून करावे लागत नव्हते. १९७२ च्या दुष्काळात मिलो आणि सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्यांना वर्ज्यावर्ज्याचा प्रश्न पडला नाही. आवडीचे अन्न सोडण्याचे पुण्य मिळवायचे तर आधी ते अन्न ताटात यावे लागते.

स्त्रियांच्या वाट्याचे उपवास

या विषयाची एक बाजू घरातच दडलेली राहते. पुरुष श्रावण ‘पाळतो’ म्हणजे महिनाभर मांस आणि दारू सोडतो. स्त्रीच्या वाट्याला वटपौर्णिमा, हरतालिका, सोळा सोमवार, मंगळागौर, संकष्टी, एकादशी हे सगळे येते. कधी निर्जळी, कधी एकभुक्त. शिवाय ज्या दिवशी तिचा उपवास त्या दिवशी बाकीच्यांचा स्वयंपाक चुकत नाही, उलट उपवासाचा आणि बिनउपवासाचा असा दोनदा करावा लागतो. ऋषिपंचमीच्या कहाणीत विटाळ न पाळल्याबद्दल बाईला कुत्रीचा जन्म येतो आणि व्रताने तिची सुटका होते. एका नैसर्गिक शरीरधर्माला पाप ठरवून त्याचे प्रायश्चित्त तिच्या ताटातून वसूल करण्याची ही रीत आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. याला उपवास हे एकमेव कारण नाही आणि मुख्य कारणही नव्हे; दारिद्र्य, कष्ट, बाळंतपणे आणि घरात शेवटी जेवण्याची सवय ही कारणे मोठी आहेत. परंतु जिच्या अंगात रक्त कमी तिला पिष्टाने भरलेल्या आणि प्रथिनांना पारख्या साबूदाण्यावर दिवस काढायला सांगणारी प्रथा निरुपद्रवी म्हणता येणार नाही. या प्रथेविषयी स्त्रियांशी बोलावयाचे तर ते त्यांची श्रद्धा हिणवून बोलता येणार नाही. अनेकींना हरतालिका आणि मंगळागौर या रात्रीच वर्षातल्या मोकळेपणाच्या रात्री असतात. जागरण, खेळ आणि मैत्रिणींचा सहवास राखून उपाशीपण मात्र सोडता येते, हे त्यांना पटू शकते. पुष्कळ ठिकाणी पटलेही आहे.

व्रताचे फर्मान

व्रताच्या आरंभी संकल्प असतो. पाणी सोडून माणूस स्वतःच्या नावाने, गोत्राने, देशकालाचा उच्चार करून म्हणतो की हे मी करीन. धर्मशास्त्राच्या दृष्टीनेही दुसऱ्याने लादलेल्या उपाशीपणाला व्रत म्हणत नाहीत. गेल्या काही दशकांत नेमका हा संकल्पच बाजूला सरला आणि त्याच्या जागी फर्मान आले.

अहमदाबादेत पर्युषणाच्या नऊ दिवसांत कत्तलखाने बंद ठेवण्याचा महापालिकेचा ठराव सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये वैध ठरवला. नऊच दिवसांचा प्रश्न आहे, शेजाऱ्याच्या भावनेचा मान राखावा, असा त्या निकालाचा सूर होता. सम्राट अकबराचाही दाखला त्यात आला. २०१५ साली मुंबई आणि मीरा-भाईंदर येथे पर्युषणातील बंदीवरून वाद पेटला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील मांसविक्रीच्या बंदीला स्थगिती दिली. एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण दिल्लीच्या महापौरांनी नवरात्रात मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आग्रह धरला. जुलै २०२४ मध्ये मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी कावडयात्रेच्या वाटेवरील खानावळींना मालकांची नावे फलकावर लावण्यास सांगितले. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तर कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला. १५ ऑगस्ट हा कोणत्याही देवाचा वार नाही. त्या दिवसालाही सोवळे नेसवले गेले, यावरून प्रश्न श्रद्धेचा उरला नसून सत्तेचा झाला आहे हे दिसते.

नऊ दिवस म्हणजे वर्षाचे किती, असे विचारणाऱ्यांनी हिशेब तिमाही नफ्याचा न करता रोजंदारीचा करावा. मटणाच्या दुकानातील गडी, कोंबड्यांच्या गाडीवरचा हमाल, टोपली घेऊन दारोदार फिरणारी कोळीण यांना पगारी रजा नसते. श्रावणात आणि नवरात्रात मागणी आपोआप उतरते, त्याची झळ ते आणि लहान कुक्कुटपालक दर वर्षी निमूटपणे सोसतात. ग्राहकाने आपल्या इच्छेने खरेदी थांबवली, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्याला खायचे आहे त्याला खाऊ न देण्याबद्दल आणि ज्याला विकायचे आहे त्याला विकू न देण्याबद्दल. या आदेशांची झळ मुसलमान खाटकाला बसते तशी हिंदू खाटकालाही बसते, ही गोष्टही मुद्दाम झाकून ठेवली जाते.

याहून दूरगामी परिणाम मुलांच्या ताटावर झाला आहे. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेतील पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरवले. जे खात नाहीत त्यांच्यासाठी केळ्याची सोय होती. कोणावरही सक्ती नव्हती. तरीही धर्माच्या नावाने विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा स्वतंत्र निधी बंद केला. कारण पैशाचे सांगितले गेले. एका अंड्याने कोणाचे व्रत मोडत नव्हते; ज्या घरांत आठवड्याला एकदाही अंडे येत नाही त्या घरांतील मुलांचा तेवढा आधार मात्र तुटला.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, व्रत करणाऱ्याची थट्टा सोडावी. पंढरीच्या वाटेवर चालणारा वारकरी एकादशी करतो ती कोणाला हीन लेखण्यासाठी नव्हे. वर्षातून काही दिवस जिभेला लगाम घालावा, देवाच्या आठवणीने काही सोडावे, ही प्रेरणा उदात्त आहे आणि उपभोगालाच जीवनाचे सार्थक मानणाऱ्या बाजारू संस्कृतीत तिचे मोल कमी नाही. ज्या चळवळीने साधेपणा हे मूल्य मानले तिने तरी त्यागाचा उपहास करू नये.

दुसरी गोष्ट, प्रथेतील निरनिराळे धागे सोडवून दाखवावेत. विणीच्या हंगामात मासळीला अभय देणारा नियम जपावा आणि त्या काळात कोळ्याला निर्वाहभत्ता मिळावा म्हणून भांडावे. वरी-नाचणीसारखी डोंगरउतारावरची पिके उपवासापुरती न राहता रोजच्या ताटात यावीत आणि ती पिकवणाऱ्या आदिवासींना रास्त भाव मिळावा, यासाठी प्रयत्न करावेत. जातीची पायरी दाखवणारा आणि स्त्रीच्या देहाला अपवित्र ठरवणारा भाग मात्र तो आहे तसा उघडा करून लोकांपुढे ठेवावा.

तिसरी आणि सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे सक्तीला विरोध. महापालिकांच्या सभांत, शिक्षण समित्यांत, गृहनिर्माण संस्थांच्या बैठकांत जेथे जेथे एकाचे व्रत दुसऱ्यावर बंधन म्हणून लादले जाते, तेथे उभे राहून बोलावे लागेल. आणि ते बोलताना मांसाहाराचा जयजयकार करण्याची गरज नाही. जो खात नाही त्याला न खाण्याचा अधिकार आहे. त्याच्या ताटात कोणी हाडूक टाकले तर त्याच्या बाजूनेही तितक्याच जोराने उभे राहावे लागेल. तत्त्व एकच आहे.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले आणि दहाव्या दिवशी ते संपले, तेव्हा विठ्ठलाच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडण्याचा मार्ग मोकळा झाला होता. त्या उपवासात अन्न एकाच माणसाने सोडले होते. त्याने इतर कोणाचे ताट ओढले नाही, कोणाचे दुकान बंद केले नाही. महाराष्ट्राला उपवासाची परंपरा सांगायची असेल तर ती ही सांगावी. आणि सणाच्या नावाने एखादे फर्मान निघाले, तर पंढरपूरच्या त्या दहा दिवसांच्या कसोटीवर ते घासून पाहावे.